दुभंगलेला ओठ, वाढता जबडा आणि वैद्याची वही

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात सातपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माझ्यासारख्या जुनी मॅट्रिक झालेल्या निवृत्त शिक्षकास मंडळाच्या चिटणीसांनी वैद्यकीय विषयावर बोलावयास उभे केले, याचे आपणांपैकी कित्येकांस नवल वाटले असेल. मलाही वाटले. परंतु त्यांचे म्हणणे असे पडले की, डॉक्टर मंडळी बोलतात ते घरातील वडीलधाऱ्यांना उमगत नाही, आणि ज्यांना उमगते त्यांना ऐकावयास सवड नसते. तेव्हा गुरुजी, वर्गात सांगत होता तसे सांगा. त्यांच्या आग्रहास्तव गेले काही महिने मी या विषयाचे जे वाचन केले, जाणत्या डॉक्टरांना विचारून जे समजून घेतले, तेवढेच आपणांपुढे ठेवणार आहे.

विषय आहे जन्मतःच दुभंगलेला ओठ व टाळू यांचा, आणि अशा मुलाचा चेहरा वर्षानुवर्षे घडवीत राहणाऱ्या एका विशिष्ट दंतवैद्याचा. या वैद्यास ऑर्थोडॉंटिस्ट म्हणतात. नाव अवघड आहे, काम आपल्या परिचयाचे आहे. वाकड्या दातांना तारा लावून ते सरळ रांगेत आणणारे डॉक्टर आपण शहरात पाहतोच. आपली समजूत अशी की, हे काम केवळ शोभेचे. मुलीचे लग्न जमविण्यापुरते. ती समजूत किती अपुरी आहे, हे पुढील विवेचनावरून ध्यानात येईल.

जगात सरासरी दर सातशे जन्मांमागे एका बालकाचा ओठ किंवा टाळू, अथवा दोन्ही, दुभंगलेली असतात. म्हणजे हा काही विरळा प्रकार नव्हे. मग आपल्या डोळ्यांस अशी मुले कमी का दिसतात? कारण आपण ती दिसू देत नाही. बारशाला पाहुणे बोलावीत नाहीत, छायाचित्र काढीत नाहीत, लग्नकार्यात मुलाला आतल्या खोलीत ठेवतात. आणि दोष जातो तो आईच्या माथी. ग्रहणात हिने भाजी चिरली असेल, सुई हाती धरली असेल, विळीवर बसली असेल! सुशिक्षित म्हणविणाऱ्या घरांतूनही हे मी माझ्या कानांनी ऐकले आहे.

माताभगिनींनो, येथे थोडा हिशेब करू. गर्भाचा वरचा ओठ सांधला जातो तो साधारणतः चौथ्या ते सातव्या आठवड्यात. मुखाच्या दोन्ही बाजूंनी व मधून मांसल उंचवटे पुढे येतात आणि एकमेकांस मिळतात. नदीचे दोन प्रवाह संगमावर मिळावेत तसे. टाळूचे दोन्ही पडदे त्यानंतर मधोमध जुळतात, आणि बारावा आठवडा सरेपर्यंत तेही काम आटोपते. कोठे हा मिलाफ अडला तर तेथे फट राहते. कित्येक स्त्रियांना दिवस गेल्याची खात्री होते, तोवर बालकाच्या ओठाचे जे व्हावयाचे ते होऊन गेलेले असते. मग पाचव्या-सहाव्या महिन्यातील ग्रहणाने ओठ कसा चिरला जाईल? अनुवंश, गर्भारपणीची काही औषधे, धूम्रपान, आहारातील उणिवा अशी अनेक कारणे शास्त्रज्ञ मांडतात, आणि बहुधा एकाच कारणाने हे घडत नाही. विळीचा मात्र त्यात काही संबंध नाही. ज्या सासूबाई येथे बसल्या आहेत त्यांनी आजच्या व्याख्यानातील एवढे एक वाक्य घरी नेले, तरी माझे येथे येणे कारणी लागले असे मी समजेन.

आता उपचाराकडे वळू. तुटलेला अवयव सांधण्याची विद्या आपल्या देशात प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात कान, नाक आणि ओठ सांधण्याच्या विधींचे वर्णन आहे. पण मला त्याहून अधिक सांगाविशी वाटते ती आपल्या पुण्याची हकिकत. कावसजी नावाचा एक गाडीवान इंग्रजांच्या फौजेत होता. टिपू सुलतानाच्या लोकांच्या हाती सापडून त्याचे नाक व हात कापले गेले. पुढे पुण्यास एका मराठी कारागिराने, हा जातीने कुंभार असल्याचे सांगतात, त्याच्या कपाळाची कातडी मेणाच्या आकृतीबरहुकूम सोडवून खाली वळविली आणि नवे नाक करून दिले. मुंबई इलाख्यातील क्रूसो व फिंडले या दोन इंग्रज वैद्यांनी हा विधी डोळ्यांनी पाहिला. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये तो चित्रासह छापून आला. तो वाचून कार्प्यू नावाच्या शस्त्रवैद्याने वीस वर्षांनी, १८१४ साली, लंडनमध्ये तसेच नाक केले आणि १८१६ साली त्यावर पुस्तक लिहिले.

या हकिकतीचा आपण अभिमान बाळगतो, आणि तो रास्तच आहे. पण शिक्षक या नात्याने मला तीत एक गोष्ट सलते. कार्प्यूचे नाव जगाला ठाऊक आहे. आपल्या कारागिराचे नाव कोणी टिपून ठेवले नाही. त्याच्या हाती विद्या होती, परंतु वही नव्हती आणि पाठशाळा नव्हती. त्याने किती नाके केली, त्यांतील किती टिकली, दहा वर्षांनी ती कशी दिसत होती, हे आता कोणालाही सांगता येणार नाही. रुग्णाची सेवा, शिष्याला शिकविणे आणि केलेल्या कामाची नोंद तपासून पाहणे, ही तीन कामे एकाच माणसाच्या हाती असली म्हणजे काय साधते, हे आता पाहू.

आपल्या काळात महाराष्ट्राने या क्षेत्रात मोठी माणसे पाहिली. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. सी. बालकृष्णन यांनी दुभंगलेल्या ओठ-टाळूच्या प्रकारांची जी वर्गवारी केली, ती १९७५ साली प्रसिद्ध झाली आणि ‘नागपूर वर्गवारी’ म्हणूनच ओळखली जाते. वर्गवारी हे वरकरणी रुक्ष काम वाटते. परंतु दोन गावच्या दोन डॉक्टरांना एकाच दोषाविषयी एकाच भाषेत बोलता आले पाहिजे, तरच एकाचा अनुभव दुसऱ्याच्या उपयोगी पडतो.

दुसरे नाव डॉ. शरदकुमार दीक्षित यांचे. पंढरपूरचे हे सुपुत्र अमेरिकेत शस्त्रवैद्य झाले आणि १९६८ पासून वर्षानुवर्षे मायदेशी येऊन त्यांनी विनामूल्य शस्त्रक्रियांची शिबिरे घेतली. मोटार-अपघाताने आलेले अपंगत्व, कर्करोगाने हरपलेला आवाज, दुबळे झालेले हृदय, यांपैकी कशानेही त्यांचे व्रत खंडित झाले नाही. चाकांच्या खुर्चीतून ते शस्त्रक्रियागृहात येत. २००१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०११ साली न्यूयॉर्क येथे ते निवर्तले. भारतीय जैन संघटनेसारख्या संस्थांनी त्यांची शिबिरे महाराष्ट्रभर भरविली, आणि त्यांच्या पश्चात त्यांच्या स्मरणार्थ ती चालू ठेवली. हजारो मुलांना त्यांच्यामुळे चारचौघांत तोंड दाखविता आले. अशा पुरुषास दुरूनच नमस्कार करावा.

आणि तरीही येथे थांबून चालत नाही. ओठ शिवला की काम संपले, ही जी आपली समजूत आहे, तिच्यामुळेच आपल्या मुलांचे अतोनात नुकसान होते.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. वडील येथल्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कामास होते. ओठ तान्हेपणीच शिवलेला. व्रण इतका सुबक की, लक्ष देऊन पाहिल्याखेरीज दिसू नये. परंतु टाळूची फट तशीच राहिली होती. बोलताना वारा नाकावाटे निसटे आणि शब्द गेंगाणे होत. गणितात ती वर्गात पहिली. पण कविता म्हणावयास उभी राहिली की मागच्या बाकांवर हसू पिकत असे, म्हणून पुढे पुढे ती उत्तरे पाटीवर लिहून माझ्यापुढे धरी. वडिलांना मी बोलावून घेतले. ते म्हणाले, “गुरुजी, ओठ शिवला तेव्हाच सगळं झालं, असं आम्हाला वाटलं. पुन्हा या म्हणून सांगितलंही असेल, पण एवढ्या लांब किती खाडे करून जायचं?” बाराव्या वर्षी तिची टाळू शिवली गेली. जेवताना नाकातून पाणी येणे थांबले. बोलणे मात्र पुरते सुधारले नाही. बारा वर्षे जिभेला व घशाला जी सवय लागली ती मोडेना.

असे का झाले, याचे उत्तर मला पुष्कळ उशिरा वाचावयास मिळाले, आणि तेही श्रीलंकेतून आले.

लंडनमध्ये ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथे मुलांचे एक जुने रुग्णालय आहे. तेथील ऑर्थोडॉंटिस्ट मायकेल मार्स यांना एका प्रश्नाने ग्रासले होते. बालपणी टाळू शिवलेल्या मुलांचा वरचा जबडा पुष्कळदा खुंटतो. खालचे दात वरच्या दातांच्या पुढे जातात, चेहऱ्याचा मधला भाग आत बसल्यासारखा दिसतो. हा खुंटा जन्मजात दोषाचा, की शिवणीच्या व्रणाचा? व्रणाची त्वचा ताणत नाही. वाढत्या मुलाच्या सदऱ्याला न ताणणारे ठिगळ लावावे, तसे ते होते. पण इंग्लंडात याचे उत्तर मिळणे शक्य नव्हते, कारण तेथे जवळजवळ प्रत्येक मुलाची शस्त्रक्रिया लहानपणीच झालेली असे. श्रीलंकेत मात्र कधीच शस्त्रक्रिया न झालेली मोठी मुले आणि प्रौढ माणसे शेकड्यांनी होती. १९८४ साली मार्स यांनी तेथे काम सुरू केले. बरोबर शस्त्रवैद्य होते, वाचा सुधारणारे तज्ज्ञ होते. रुग्णांवर उपचार केलेच. परंतु उपचारापूर्वी प्रत्येकाच्या जबड्याचे प्लास्टरचे ठसे घेतले, डोक्याची क्ष-किरण छायाचित्रे काढली आणि ती मोजली. पुढे अनेक वर्षे ते पुन्हा पुन्हा त्याच माणसांकडे जात राहिले.

उत्तर मिळाले ते असे. ज्यांच्या टाळूला कधीच सुई लागली नव्हती, त्यांचा वरचा जबडा जवळजवळ चारचौघांसारखाच पुढे वाढला होता. म्हणजे वाढीची शक्ती त्या मुलांत उपजतच होती. ती खुंटली होती व्रणाने. हे ऐकून कोणी म्हणेल, तर मग शस्त्रक्रिया मोठेपणीच करावी! परंतु त्याच श्रीलंकेत वाचातज्ज्ञांनी उलट बाजूही दाखवून दिली. ज्यांची टाळू उशिरा शिवली, त्यांचे बोलणे शिवल्यानंतरही स्पष्ट होईना. माझ्या विद्यार्थिनीचे जे झाले तेच.

पाहा, केवढा हा पेच! लवकर शिवावे तर जबडा आखडतो; उशिरा शिवावे तर वाणी जाते. बोलणे हे माणसाचे पहिले भूषण, म्हणून टाळू साधारण वर्षा-दीड वर्षाच्या आत शिवावी असे जाणकार सांगतात, आणि मग आखडणाऱ्या जबड्यावर नजर ठेवून त्याला वळण लावण्याची कामगिरी ऑर्थोडॉंटिस्टवर येऊन पडते. ती काही एका बैठकीत होणारी नव्हे. मूल सात-आठ वर्षांचे झाले की, अरुंद वरची कमान तारेने वा पट्टीने हळूहळू रुंद करावयाची. मग हिरडीतील फटीत कमरेच्या हाडातील भुगा भरावयाचा, आणि तोही सुळा खाली उतरण्यापूर्वी, म्हणजे बहुधा आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यान. वेळ साधली तर सुळा त्या नव्या हाडातून आपसूक खाली येतो आणि हाड पक्के होते. नॉर्वेतील ऑस्लोच्या बर्गलंड व सेंब या ऑर्थोडॉंटिस्ट मंडळींनी आणि त्यांच्या शस्त्रवैद्य सहकाऱ्याने हे १९८६ साली शेकडो रुग्णांच्या नोंदींवरून दाखवून दिले. वेळ चुकली तर पुढे ते तितके चांगले साधत नाही. त्यानंतर बारा-चौदाच्या वयात सगळ्या दातांना तारा. आणि क्वचित सतरा-अठरा वर्षांनी, वाढ थांबल्यावर, जबड्याचीच शस्त्रक्रिया. शस्त्रवैद्य या मुलाला आयुष्यात तीन-चार वेळा भेटतो. ऑर्थोडॉंटिस्ट त्याला अठरा वर्षे भेटत राहतो. शाळेत पहिलीच्या वर्गशिक्षकाने त्याच मुलाला बारावीपर्यंत शिकवावे, तसे हे आहे. म्हणूनच त्याच्या कपाटात त्या मुलाच्या चेहऱ्याचा सारा इतिहास ठशांच्या रूपाने राहतो.

ठशांचा आणखी एक उपयोग झाला. १९८७ साली लंडन व ऑस्लो येथील मंडळींनी एक मोजपट्टी तयार केली. दहा वर्षांच्या मुलाच्या जबड्यांचे ठसे घ्यावयाचे आणि त्यांना एक ते पाच असा क्रम द्यावयाचा: एक म्हणजे उत्तम, पाच म्हणजे शस्त्रक्रियेवाचून न सुधारणारा. आम्ही शिक्षक उत्तरपत्रिका तपासतो तसेच. फक्त येथे परीक्षा विद्यार्थ्याची नव्हे, वैद्याची! मँचेस्टरचे ऑर्थोडॉंटिस्ट-प्राध्यापक विल्यम शॉ यांनी युरोपातील सहा केंद्रांतील मुलांचे निकाल असे शेजारी शेजारी मांडण्यात पुढाकार घेतला. १९९२ साली ते प्रसिद्ध झाले. दोष एकच, पण केंद्राकेंद्रांच्या निकालांत मोठी तफावत. मोजके, सरावलेले हात आणि साधी पद्धत जेथे होती तेथे निकाल चांगले. अनेक हात आणि पुष्कळ उपकरणे जेथे होती तेथे काही ते वरचढ ठरले नाहीत. पुढे साऱ्या युरोपभर पाहणी केली, तेव्हा एकाच प्रकारच्या दोषावर २०१ पथके १९४ निरनिराळ्या पद्धतींनी उपचार करीत असल्याचे दिसून आले. प्रत्येकाला आपलीच पद्धत खरी वाटत होती. मोजून कोणी पाहिले नव्हते. माझ्या मते एवढा प्रामाणिक आकडा स्वतःच्या व्यवसायाविषयी छापून प्रसिद्ध करणे, हे धैर्याचे काम आहे. आमच्या शिक्षणखात्याला ते अद्याप जमलेले नाही. असो.

हे काम अजून चालू आहे. टाळू सहाव्या महिन्यात शिवावी की बाराव्या, हे ठरविण्यासाठी ५५८ बालकांचा अभ्यास युरोप व दक्षिण अमेरिकेतील केंद्रांनी मिळून केला. मुले पाच वर्षांची होईपर्यंत वाट पाहिली, आणि २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. बोलताना नाकावाटे हवा निसटण्याचा दोष सहाव्या महिन्यात शिवलेल्यांत सुमारे नऊ टक्के, तर बाराव्या महिन्यात शिवलेल्यांत पंधरा टक्के आढळला. एका प्रश्नाचे एक उत्तर, आणि त्यासाठी इतकी वर्षे. जबड्याचे काय झाले हे कळावयास ती मुले आणखी मोठी व्हावी लागतील.

आता आपल्याकडे पाहू. मुंबईचे नायर दंतमहाविद्यालय १९३३ सालापासून आहे. ऑर्थोडॉंटिस्टांची अखिल भारतीय संस्था १९६५ साली स्थापन झाली. आरोग्यविज्ञान विद्यापीठ तर १९९८ पासून आपल्या नाशकातच आहे, आणि पंचवटीत दंतमहाविद्यालय आहे. दंतवैद्यकाची पदवी पाच वर्षांची, त्यावर हे विशेष शिक्षण तीन वर्षांचे. आपल्या ज्ञातीतील मुलेमुली आता या वाटेने जाऊ लागली आहेत, याचा आनंद आहे. परंतु त्यांचे आईबाप मला भेटतात तेव्हा पहिला प्रश्न असतो, कॉलेज रोडला गाळा केवढ्याला मिळेल? दवाखाना थाटावा, द्रव्यही मिळवावे. त्यात वावगे काही नाही. पण आठवड्यातून एक दिवस महाविद्यालयात शिकवावयास जावे, दुभंगलेल्या टाळूची दहा मुले अठरा वर्षे सांभाळण्याचा नेम करावा आणि त्यांचे ठसे तारखा घालून जपून ठेवावेत, एवढे त्या मुलांना कोणी सांगत नाही. मार्स काय किंवा शॉ काय, त्यांनी खुर्चीवरचा रुग्ण, वर्गातील विद्यार्थी आणि मोजणीची वही वेगळी केली नाही. रुग्णाच्या तोंडात पाहून प्रश्न सुचला, वहीने उत्तर दिले, आणि विद्यार्थ्यांनी ते पुढच्या रुग्णापर्यंत नेले.

आणि आम्ही पालक? डॉक्टर कितीही निष्णात असला तरी मूलच परत आले नाही तर तो मोजणार काय? शस्त्रक्रिया आता पुष्कळ ठिकाणी विनामूल्य होते. २०१३ पासून सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि त्यात दुभंगलेल्या ओठ-टाळूचा स्पष्ट समावेश आहे. अंगणवाडीत किंवा शाळेत पथक येते तेव्हा मूल घरी लपवून ठेवू नये. अडचण उरते ती जाण्यायेण्याची आणि खाड्याची. वाचातज्ज्ञाकडे, कान तपासावयास, तारेसाठी अशा खेपा वर्षाकाठी कितीतरी होतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कंत्राटावर राबणाऱ्या आपल्या बांधवाला एका दिवसाचा खाडा म्हणजे घरातल्या किराण्याला कात्री. तीन-चार खेपांनंतर तो म्हणतो, ओठ तर शिवला आहे, आता बस्स झाले. त्याला नावे ठेवणे सोपे आहे.

मंडळाच्या निधीतून दरवर्षी आपण गुणवंतांना शाल-श्रीफळ देतो, पाहुण्यांना हारतुरे घालतो. अध्यक्षमहाराजांची क्षमा मागून मी असे सुचवितो की, पुढील वर्षापासून हारतुऱ्यांचा खर्च बंद करावा आणि तेवढ्या रकमेतून अशा मुलांच्या पालकांना प्रत्येक खेपेमागे गाडीभाडे व एका दिवसाची मजुरी द्यावी. मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत द्यावी. उपचाराचा खर्च मी मागत नाही. फक्त खाडा भरून द्यावा. कार्यकारिणीने हा ठराव आजच्याच सभेत घेतला तर बरे, कारण सुळा काही आपल्या सभेच्या तहकुबीसाठी थांबत नाही.

मी एक वही आणली आहे. तीत मुलाचे नाव लिहिलेच पाहिजे असे नाही. जन्मतारीख, ओठ केव्हा शिवला, टाळू केव्हा, पुढची खेप कोणत्या महिन्यात, एवढे पुरे. वही चिटणीसांच्या कपाटात कुलपात राहील, आणि दिवाळीनंतर दरवर्षी मी स्वतः घरोघरी जाऊन पुढच्या रकान्याची चौकशी करीन. ज्यांना चारचौघांत बोलणे प्रशस्त वाटत नाही त्यांच्यासाठी, भोजनाच्या पंगती उठल्यावर मी सभागृहाच्या मागील दाराशी असलेल्या बाकावर एकटाच बसणार आहे.